प्रोजेक्टला मालक हवा: इंजिनिअरिंगच्या मुलांना शाश्वतता शिकवताना

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या वर्षाची 72 मुलं, दोन क्रेडिट, आठवड्याला दोन तासांचा एक स्लॉट आणि चौदा आठवडे. सस्टेनेबिलिटी प्रोजेक्टमधून शिकवा असा आदेश आहे, पैसे नाहीत. गेल्या वर्षी अठरा ग्रुपांनी अठरा मॉडेलं आणली: स्मार्ट डस्टबिन, सोलरवर चालणारं ठिबक, पाय पडला की वीज तयार करणारी फरशी, प्लास्टिकच्या बाटल्यांच्या विटा. बरीचशी यूट्यूबवरून उचललेली, आणि रिपोर्ट एकमेकांचे. चांगले विषय कुठून आणायचे, मार्क कसे द्यायचे आणि प्राचार्यांना दरवर्षी प्रदर्शन हवं असतं त्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिलला बावीस वर्षं शिकवते आहे. त्यातली अकरा वर्षं हा विषय वेगवेगळ्या नावांनी माझ्याकडे आहे. आमचं कॉलेज सोलापूरकडच्या कोरड्या पट्ट्यात आहे, त्यामुळे माझी उदाहरणं पाण्याकडे झुकतील. तुमच्याकडे वीज किंवा कचरा हा मोठा प्रश्न असेल तर उदाहरणं बदला, पद्धत तीच चालते.

विषयांची यादी मी मुद्दाम देत नाही. तुमची अडचण विषयांच्या टंचाईची वाटते, पण गेल्या वर्षीची अठरा नावं पुन्हा वाचून बघा. प्रत्येकात उपाय आधी ठरला होता. स्मार्ट डस्टबिनवाल्या मुलांना विचारा, कॉलेजात रोज किती किलो कचरा निघतो, त्यातला ओला किती, तो कोण उचलतं आणि कुठे नेतं? उत्तर येणार नाही. त्यात मुलांचा दोष नाही. आपण 'प्रोजेक्ट आणा' म्हणतो, ती प्रोजेक्ट आणतात. प्रश्न आणा असं आपण कधी म्हटलेलंच नसतं.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, 2003 मध्ये पुन्हा बजावलं, आणि पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा पेपर आला. हेतू फार मोलाचा होता. पण तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीईच्या) 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात हा विषय 160 क्रेडिटांच्या बाहेर, बिनक्रेडिटचा सक्तीचा म्हणून राहिला. बिनक्रेडिटच्या विषयाला मुलं किती वेळ देतात ते तुम्हालाही माहीत आहे. ओझोनच्या थराची आकृती, प्रदूषणाचे प्रकार, आणि वर्षाअखेरीस एक पोस्टर. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट मिळालंय. तुमच्या हातात दोन क्रेडिट आहेत हे मी फार मोठं मानते. ते मॉडेलांवर खर्च होऊ देऊ नका.

डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठाचं नाव तुम्ही घेतलंय. ते 1974 पासून प्रोजेक्टवरच शिकवतात, पण तिथे सेमिस्टरचा जवळपास अर्धा भार प्रोजेक्टचा असतो आणि बाकीचे विषय त्याला पूरक असतात. आपल्याला आठवड्याला दोन तास मिळतात. त्यामुळे त्यांची नक्कल करायला जाऊ नका. एकच गोष्ट घ्या: प्रश्न खरा असला पाहिजे आणि तो समजून घ्यायला वेळ दिला पाहिजे.

माझ्याकडे प्रोजेक्ट मंजूर व्हायला दोन अटी आहेत. पहिली, त्यात मोजता येईल असं काहीतरी वाहत असलं पाहिजे: पाणी, वीज, अन्न, सिमेंट, कागद. दुसरी, त्याला मालक हवा. बिल भरणारा, किंवा ती वस्तू बिघडली की ज्याला फोन येतो तो माणूस, म्हणजे मालक. मेसचा आचारी, हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम, वायरमन, लॅब असिस्टंट. मुलांनी पहिल्या आठवड्यात त्याचं नाव लिहून आणायचं, त्याच्याशी बोलायचं आणि त्याची अडचण त्याच्याच शब्दांत वहीत लिहायची. मालक सापडला नाही तर प्रोजेक्ट मंजूर नाही.

आणि पहिले पाच आठवडे उपायाबद्दल बोलायचं नाही. मुलं अस्वस्थ होतात, पालकांचे फोनही येतात की अजून मॉडेल का नाही. तरी मी हे सोडत नाही. का सोडत नाही ते एका उदाहरणाने सांगते, जरा लांबलं तरी चालेल.

आमच्या मुलींच्या हॉस्टेलला बोअरचं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर. तीनशे मुली आहेत. पिण्यासाठी पाण्यातले क्षार काढणारा एक आरओ प्लांट आहे, त्याचं नको असलेलं पाणी पाइपने मागच्या गटारात जातं. चार मुलींच्या एका ग्रुपने हा प्रश्न घेतला. दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या, 'मॅडम, आरओ किती पाणी वाया घालवतो ते नेटवर मिळालं.' मी म्हटलं, नेटवरचा आरओ आपल्या हॉस्टेलमध्ये नाही. वीस लिटरची बादली घ्या, मोबाइलवरचं घड्याळ लावा.

त्या चौघी दोन संध्याकाळी तिथे उकिडव्या बसल्या. शुद्ध पाण्याच्या नळाखाली बादली भरायला 4 मिनिटं 50 सेकंद लागली. गटारात जाणाऱ्या पाइपाखाली तीच बादली 2 मिनिटं 10 सेकंदांत भरली. तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढली: ताशी 248 लिटर पिण्याचं, 554 लिटर गटारात. म्हणजे एक लिटर प्यायला सव्वादोन लिटर वाहून जातं. प्लांट दिवसाला नऊ तास चालतो, म्हणजे रोज जवळजवळ 5,000 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर असेल तर अर्धा टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रांगेत उभ्या राहिलेल्या मुली होत्या त्या. आकडा वहीत लिहिताना एकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'मॅडम, हे आमच्याच पायाखालून चाललं होतं.'

मग मी त्यांना टीडीएस मीटर दिला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. बोअरचं पाणी लिटरमागे 1,100 मिलिग्रॅम, शुद्ध पाणी 60. गटारातल्या पाण्याचं मोजायच्या आधी म्हटलं, गणिताने सांगा किती यायला पाहिजे. आत गेलेले क्षार बाहेर आलेच पाहिजेत. ताशी 802 लिटर पाणी 1,100 ने आत जातं, 248 लिटर 60 ने बाहेर पडतं, उरलेले क्षार 554 लिटरमध्ये. उत्तर आलं साधारण 1,565. मीटर बुडवला तर 1,540. वस्तुमानाचा ताळा दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी शिकलेला असतो, परीक्षेत सोडवलेला असतो. तो गटाराच्या तोंडाशी जुळतो हे बघताना त्या चौघींचे चेहरे मी विसरले नाही. शाश्वतता शिकवायची म्हणजे वेगळं काही शिकवायचं असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, आपलंच शास्त्र खऱ्या जागी लावायला लावलं की निम्मं काम होतं.

पाच आठवडे संपल्यावर उपाय सुचवायची परवानगी दिली. पहिलं उत्तर अपेक्षित होतं: बागेला घालू. मी नाही म्हटलं नाही. जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या एका शिक्षकांकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे माती कुठली? काळी. पाऊस? वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. ते म्हणाले, एवढ्या क्षाराचं पाणी काळ्या मातीत रोज ओतलंत तर क्षार धुऊन जायला तेवढा पाऊस नाही, दोन-चार वर्षांत जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक होईल. चौघी गप्प होऊन परत आल्या. पाणी वाचवायला जाऊन माती घालवली असती, हे त्यांना कुणी व्याख्यानात सांगितलं असतं तर चहाच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नसतं.

दुसरं उत्तर, संडासाच्या फ्लशला वापरू. इथे आकडे बाजूने होते. घरगुती पाण्याच्या नेहमीच्या हिशेबात माणशी रोज 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशला धरतात. तीनशे मुलींना 13,500 लिटर, आपल्याकडे 5,000. सगळं खपेल. पण त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळी लाइन पाहिजे. तिसरं उत्तर आमच्या प्लंबरमामांकडून आलं. मुलींना गटाराच्या पाइपावरचा वाल्व्ह दाखवताना ते सहज म्हणाले, 'हा मागच्या मेकॅनिकने जास्तच उघडून ठेवलाय, मेंब्रेन चोक व्हायला नको म्हणून.' वाल्व्ह हळूहळू बंद करत गेल्यावर तेवढंच शुद्ध पाणी मिळून गटारातलं पाणी ताशी 300 लिटरवर आलं. खर्च शून्य. रोज सव्वादोन हजार लिटर वाचले.

इथे टाळ्या वाजवून प्रोजेक्ट संपवता आला असता. पण खरा अभ्यास इथून सुरू झाला. वाल्व्ह आवळला की मेंब्रेनवर, म्हणजे आरओच्या आतल्या गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार जास्त साठणार, ती लवकर धुवावी किंवा बदलावी लागणार. मेंब्रेनचे पैसे मेंटेनन्सच्या खात्यातून जातात, टँकरचे हॉस्टेलच्या खात्यातून. एका खात्याची बचत झाली, दुसऱ्याचा खर्च वाढण्याची शक्यता झाली. मग कुठवर आवळायचा, हे कोणी ठरवायचं? मुलींनी दोन्ही खात्यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवलं. आणि एकीने आणखी मूळचा प्रश्न काढला: 1,100 टीडीएसच्या पाण्याला आरओ लागतोच का? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही हवीशी मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालतं. आमच्या मुलींनी शेवटी आरओ हवा असंच ठरवलं, कारण चव आणि कडकपणा. पण तो निर्णय त्यांनी आकडे समोर ठेवून घेतला. मला तेवढंच हवं होतं.

पुढच्या वर्षीच्या बॅचने तळमजल्याच्या एका विंगला फ्लशची लाइन जोडून घेतली. चार महिन्यांत फ्लशच्या वाल्व्हवर पांढरा थर चढला, म्हणजे तो उपायही फुकट नाही. तिसऱ्या बॅचने दर आठवड्याला शुद्ध पाण्याची बादली मोजून मेंब्रेन किती मंदावते त्याची नोंद ठेवली. एकाच आरओवर तीन बॅचेस शिकल्या. नवे विषय कुठून आणायचे याचं माझं उत्तर हे आहे. जुनेच घ्या, पुढे न्या. आधीच्या बॅचची वही पुढच्या बॅचचं पाठ्यपुस्तक होऊ द्या.

आता तुमच्या 72 मुलांचं. अठरा ग्रुपांना अठरा विषय देऊ नका, एका शिक्षकाला ते झेपत नाही. आमच्याकडे तीनच क्षेत्रं असतात आणि प्रत्येकात सहा ग्रुप. त्यातले दोन ग्रुप एकच गोष्ट एकमेकांना न विचारता मोजतात. मेसमधल्या उष्ट्याचं वजन एकाने रोज 38 किलो आणलं, दुसऱ्याने 61. कोण खोटं बोलतंय यावर वाद झाला. खोटं कुणीच नव्हतं. एकाने मंगळवार-बुधवार मोजलं होतं, दुसऱ्याने रविवार धरला होता, आणि रविवारी मेसला गोड असतं. नमुना कसा घ्यायचा हे त्या दिवशी मला शिकवावं लागलं नाही. सहा ग्रुप एका विषयात असले की मालकालाही सोपं जातं, आचाऱ्याकडे अठरा पोरं अठरा वेळा जात नाहीत.

चार वर्षांपूर्वी एका ग्रुपने आमच्या काँक्रीट लॅबमागचा क्यूबांचा, म्हणजे ताकद तपासायला फोडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा ढीग घेतला. एवढं सिमेंट वाया जातं म्हणून ती मुलं खरोखर हळहळत होती. हिशेब केला. 15 सेंटिमीटरचा क्यूब साधारण आठ किलोचा. घनमीटरला 350 किलो सिमेंट धरलं तर एका क्यूबमध्ये सव्वा किलोच्या आतच सिमेंट. वर्षाचे 600 क्यूब म्हणजे दोन घनमीटर काँक्रीट, सातशे किलो सिमेंट. त्याच महिन्यात कॉलेजच्या नव्या पार्किंगचा स्लॅब पडत होता: शंभर चौरस मीटर, साडेबारा सेंटिमीटर जाडी, म्हणजे साडेबारा घनमीटर आणि चार टनांहून जास्त सिमेंट. साध्या सिमेंटच्या दर किलोमागे सुमारे 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुलांनी ढीग सोडला आणि साइट इंजिनिअरला जाऊन विचारलं, इथे फ्लाय ॲशचं, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट का नाही वापरलं, आणि मिक्समध्ये किमान गरजेपेक्षा दोन गोणी सिमेंट जास्त का आहे? त्याचं उत्तर होतं, 'क्यूब फेल व्हायला नको.' डोळ्यांना बोचणारी गोष्ट आणि वजनाने मोठी गोष्ट वेगळी असू शकते, हे कळायला त्यांना आठ आठवडे लागले. ते आठ आठवडे मला महाग वाटत नाहीत.

विजेचं क्षेत्र शहरातल्या कॉलेजांना सगळ्यात सोपं. महावितरणची बारा महिन्यांची बिलं ऑफिसातून मिळतात, तारेभोवती लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये असतो. जुना पंखा 75 वॅट, नवा कमी विजेवर चालणारा बीएलडीसी 35 च्या आसपास. फरक 40 वॅट, दिवसाला आठ तास, वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे पंख्यामागे 64 युनिट. आपल्या ग्रिडला युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 45 किलो. एवढं सगळे करतात. तुम्ही पुढचं विचारा: रिकाम्या वर्गात पंखे किती तास चालतात ते आठवडाभर मोजा, आणि चालता जुना पंखा भंगारात घालायचा का, त्याचा हिशेब मांडा.

आता शाश्वततेच्या त्या भागाबद्दल, जो इंजिनिअरिंगमध्ये सगळ्यात जास्त सुटतो. पाणी किती आहे हे मोजता आलं तरी ते कुणाला किती, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तिसऱ्या आठवड्यात मी दोन तास विलासराव साळुंखे यांच्यावर घालवते. पुण्यातले उद्योजक, स्वतः इंजिनिअर. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुका बघून ते नायगावला गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. तलाव आणि उपसा तर त्यांनी केलाच, पण खरं काम नियमांचं होतं. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

मग फळ्यावर गणित देते. पाणी पन्नास एकरांना पुरेल एवढंच. गावात वीस कुटुंबं, प्रत्येकी पाच माणसं, एकूण जमीन 120 एकर. एकाकडे एकट्याकडे 30 एकर, चार कुटुंबांकडे काहीच नाही. जमिनीच्या प्रमाणात वाटलं तर तीस एकरवाल्याला साडेबारा एकरांचं पाणी आणि चार कुटुंबांना थेंब नाही. माणशी वाटलं तर प्रत्येक कुटुंबाला अडीच एकर. तलाव तोच, पंप तोच, पाइपही तोच. आमच्याकडे बरीच मुलं ऊसवाल्या घरांतली असतात, वर्गात आवाज चढतो. मी थांबवत नाही. एकाने मला सांगितलं होतं, 'मॅडम, हे घरी बोलायची माझी हिंमत नाही.' मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, पण आपल्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा दोरीला दगड बांधून मोज. तो अजून मोजतो.

गावात प्रोजेक्ट करावा का, हे तुम्ही वेगळं विचारलंय. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: गाव किती लांब, जायला गाडी आहे का, मुलींना संध्याकाळी परतायला उशीर चालतो का, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तीन वर्षं जाणार आहात का. आम्ही एकदा चूक केली. एका गावातल्या शाळेत हात धुतलेल्या पाण्यासाठी वाळू-कोळशाचा फिल्टर बांधला. फीत कापली, फोटो काढले, मार्क दिले. पुढच्या वर्षी गेलो तर वाळू चिखलाने घट्ट झाली होती आणि नळाला शेळी बांधलेली होती. शाळेच्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, 'वाळू कोणी बदलायची ते तुम्ही सांगितलंच नव्हतं.' तो माझ्या मार्गदर्शनाखालचा प्रोजेक्ट होता. ती जबाबदारी माझी होती. आपल्या मुलांना क्रेडिट मिळावेत म्हणून एका गावाला आपण वापरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर गावात काही बांधायचं आम्ही बंद केलं. आता ग्रामपंचायत विचारेल तेवढंच मोजून देतो. पवईच्या आयआयटीतल्या सीतारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राची मुलं वर्षानुवर्षं असं काम करत आलीत, नळपाणी योजना का बंद पडते याचा जागेवर जाऊन अभ्यास. उन्नत महाराष्ट्र अभियानातही हाच विचार आहे, की त्या-त्या भागातल्या कॉलेजांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. उदाहरण सांगते. घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनचा आकडा माणशी रोज 55 लिटर. पंधराशे वस्तीच्या गावाला 82,500 लिटर. टाकी तेवढी भरते का ते एका ग्रुपने बघितलं, भरत होती. मग त्यांना टाकीपासून सगळ्यात लांबच्या आणि उंचावरच्या घरी बादली घेऊन पाठवलं. तिथे हिशेब माणशी 20 लिटरच्या आत आला, कारण खालच्या आळीत नळांना तोट्या नव्हत्या आणि दाब तिथेच संपत होता. कागदावर सरासरी 55 च होती. हायड्रॉलिक्सचा हेडलॉस (पाइपात दाब कमी होत जाणं) आणि सामाजिक न्याय हे दोन विषय त्या घराच्या ओट्यावर एकच झाले. वरच्या आळीत कोणाची घरं होती, हे मुलांनी न सांगता ओळखलं.

मार्कांचं. आमची विभागणी शंभरात अशी: रोजची वही 30, मोजमाप आणि हिशेब 25, हस्तांतर (काम पुढच्या बॅचकडे सोपवणं) 20, एकेकट्याची तोंडी परीक्षा 25. मॉडेलला काहीही नाही, बाइंडिंगला काहीही नाही. वही हाताने लिहिलेली, तारीख-वेळ आणि मालकाची सही असलेली. चॅटजीपीटीवरून रिपोर्ट येतात ही तुमची काळजी बरोबर आहे, पण मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला तुमच्या मेसमध्ये किती किलो उष्टं होतं हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. चुकलेलं मोजमाप वहीत खोडलेलं दिसलं तर मी मार्क कापत नाही, उलट का खोडलं ते विचारते. हस्तांतराचे 20 मार्क पुढच्या बॅचची चार मुलं ठरवतात: ही वही वाचून तुम्हाला उद्यापासून काम सुरू करता येईल का?

तोंडी परीक्षा मी जागेवर घेते, केबिनमध्ये नाही. प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या उपायाने कोणाचं काम वाढलं? कचरा वेगळा करायचा तर मेसच्या मावशींचं वाढतं. फ्लशची लाइन वेगळी केली तर मामांचं वाढतं. 'कोणाचंच नाही' असं उत्तर आलं की मला कळतं, हा ग्रुप मालकाशी बोललेला नाही.

पैशांचं फार मनावर घेऊ नका. आमचं साहित्य म्हणजे बादल्या, ताणकाटा, मोजपट्टी, काही शे रुपयांचे दोन टीडीएस मीटर आणि इतर लॅबमधून मागून आणलेली उपकरणं. अडते ती परवानगी. बिलं दाखवायला ऑफिस कां कू करतं, आरओच्या खोलीची किल्ली मिळत नाही. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांकडून एका पानाचं पत्र घ्या, की या विषयाच्या विद्यार्थ्यांना अमुक नोंदी बघायला मिळतील. चौदापैकी तीन आठवडे त्या एका पत्राने वाचतात. अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या कागदपत्रांची काळजी असेल तर त्यांच्या जुन्या बारा पीओंमधला (विद्यार्थ्याला पदवीपर्यंत काय यावं त्या निकषांमधला) सातवा पर्यावरण आणि शाश्वततेचा आहे, सहावा समाजाचा. या वह्या आणि मालकांच्या सह्या हा त्यांचा सरळ पुरावा होतो, वेगळं काही करावं लागत नाही.

राहिलं प्रदर्शन. प्राचार्यांशी त्यावर भांडू नका, जागा बदलून मागा. आम्ही शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन कॅम्पसभर चालतो: मेस, आरओची खोली, लॅबमागची जागा, वायरमनचं पॅनल. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि आधी मालक बोलतो, मग मुलं. पहिल्या वर्षी प्राचार्य घड्याळाकडे बघत आले होते. आरओपाशी प्लंबरमामा बोलायला उभे राहिले. मुलींनी वाल्व्हची योग्य जागा पाइपवर मार्कर पेनने रेघ मारून दाखवली होती. मामा एवढंच म्हणाले, 'काम बरं झालंय साहेब. फक्त ही खूण पाण्याने पुसत चालली आहे, पुढच्या पोरींना ऑइलपेंटने करायला सांगा.' प्राचार्यांनी तिथेच स्टोअरमधून रंगाचा डबा मागवला.